परक्या कंपनीचे भजन

देवस्थानाचे अध्यक्ष केशवराव नाडगौडा यांनी सभेत नवा टॅबलेट मिरवला. म्हणाले, "हा बनवणाऱ्या कंपनीच्या स्पर्धक कंपनीचं भजनांचं ॲपसुद्धा मी यावर चालवून दाखवलं!"

काही वर्षांपूर्वी देवळाचे भजनी मंडळ फुटले, तेव्हा वृद्ध सुभद्राबाई केशवरावांच्या विरोधी गटात गेल्या होत्या. म्हणून केशवरावांनी त्यांना देवळात गायला मनाई केली होती. आजही त्या परवानगी मागायलाच आल्या होत्या.

"अध्यक्षसाहेब," त्या म्हणाल्या, "परक्या कंपनीचं भजन तुमच्या टॅबलेटमध्ये सुखानं नांदतं. मग गावच्याच बाईचं भजन देवापुढे का नको?"

सभा हसली. केशवराव ओशाळले. "उद्याच गा, बाई."

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई देवळात गायल्या, पण वरचा सूर लागेना. मनाईच्या वर्षांत तो हरपला होता. हात जोडून उभ्या असलेल्या केशवरावांना देवाकडे पाहवेना.