एकच सूर धरणारा भानबा

एक होता राजा. त्याचं नाव काही मला आठवत नाही, आणि आठवायची गरजही नाही, कारण ही गोष्ट राजाची नाहीच मुळी. राजाच्या नगराला होती एक वेस. वेशीवर होता नगारखाना. बत्तीस पायऱ्या चढून गेलं की वर एक सज्जा, आणि त्या सज्जात रोज सकाळ-संध्याकाळ येऊन बसायचा भानबा. गोष्ट त्याची. पाय आत घे रे दादू, गार पडतील. हां.

तर त्या सज्जात तिघं जण बसायचे. एक नगारा वाजवायचा. दुसरा हैबती, तो सनई वाजवायचा. आणि काय वाजवायचा म्हणून सांगू! तव्यावर लाह्या उडतात ना, तशी त्याची बोटं नाचायची. राजानं त्याला चांदीचं कडं दिलं होतं, भरजरी फेटा दिला होता. आणि तिसरा भानबा. त्याच्याही हातात सनईच, पण तिची भोकं मेणानं बुजवलेली. तिच्यातून निघायचा एकच सूर. सरळ आणि लांबच लांब. हैबतीचं गाणं वर जायचं, खाली यायचं, गिरक्या घ्यायचं, आणि भानबा आपला गाल फुगवून तेवढा एक सूर धरून बसायचा. मध्ये थांबायचा नाही बरं का. तोंडानं फुंकत राहायचं आणि त्याच वेळी नाकानं श्वास आत घ्यायचा, अशी ती युक्ती. लहानपणी तो वाटीभर पाण्यात नळी घालून हे शिकला होता. बुडबुडे थांबले की आजोबा टपली मारायचे.

गावातली माणसं त्याची चेष्टा करायची. "काय भानबा, आज कोणतं गाणं वाजवलंस?"

"कालचंच," भानबा म्हणायचा, आणि त्यांच्याआधी स्वतःच हसायचा.

पण त्याच्या जिवाला एक घोर होता. भानबा आता म्हातारा झाला होता. छाती भरून यायची, दम लागायचा. आणि त्या सुराचा नेमच असा होता की तो सांगून शिकवता येत नसे, लिहून ठेवता येत नसे. जुना माणूस आणि नवा माणूस शेजारी शेजारी बसायचे, दोघं एकाच वेळी फुंकायचे, दोन सूर मिसळून एक झाले की मग जुन्यानं आपली सनई खाली ठेवायची. भानबाच्या आजोबांनी त्याला असाच दिला, आजोबांना त्यांच्या आजोबांनी. देणारा आधीच गेला, तर सूर त्याच्याबरोबर गेला. मग कुणाला तो मिळायचा नाही.

भानबानं तिघांना विचारून पाहिलं होतं. मुलाला विचारलं, तर तो घोडदळात निघून गेला. पुतण्याला विचारलं, तर तो म्हणाला, "काका, गाणं शिकवणार असाल तर येतो." शेजारणीचा जावई मात्र आला. बसला, फुंकायला लागला, आणि फुंकता फुंकताच घोरायला लागला. हसू नका गं, भानबाला रडू आलं होतं.

मग एकदा काय झालं, लांबच्या देशाचा राजा पाहुणा म्हणून आला. वेशीतून आत येताना त्यानं मान वर करून पाहिलं. हैबतीला वाहवा दिली. मग भानबाकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्याला एवढंच येतं? बाकीचं विसरला वाटतं!"

सगळे खो खो हसले. हैबतीसुद्धा हसला. आपल्या राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी त्यानं भानबाला बोलावलं आणि म्हणाला, "भानबा, उद्यापासून तू नाही आलास तरी चालेल."

भानबा परत सज्जात चढला. त्यानं सनई पुसली, ठकूबाईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळली. ठकूबाई म्हणजे त्याची बायको. नगाऱ्याला नमस्कार केला आणि बत्तीस पायऱ्या उतरला. आणि गंमत ऐका, त्याच्या मागोमाग सूरही पायऱ्या उतरला. कुणाला दिसला नाही. कसा दिसतो म्हणतेस बने? उदबत्तीच्या धुराची रेघ असते ना, तसा. पण उबदार. भानबानं वळून पाहिलं आणि म्हणाला, "चल बाबा, घरी जाऊ."

त्याचं घर नगराबाहेरच्या तळ्याच्या पलीकडच्या काठाला होतं. दोघं गेले.

मग पहिल्या दिवशी हैबतीनं एकट्यानं सनई वाजवली. गाणं सज्जातून निघालं, तळ्यावर गेलं, आणि परतच आलं नाही! रोज कसं, कितीही गिरक्या मारल्या तरी शेवटी ते भानबाच्या सुरावर येऊन टेकायचं. आज टेकायला जागाच नव्हती. गाणं इकडे फिरलं, तिकडे फिरलं, आणि दमून वेशीबाहेरच्या चिंचेला जाऊन लटकलं.

दुसऱ्या दिवशी बगळे घर चुकले. मग गाई चुकल्या. संध्याकाळी वेशीवरचा सूर ऐकत ऐकत त्या घरी यायच्या, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं इतकी वर्षं.

आणि तिसऱ्या दिवशी, बाळांनो, अंगाईगीतं पळाली. आया पोरांना मांडीवर घेऊन गाऊ लागल्या की पहिली ओळ तोंडातून निघायची आणि खिडकीतून बाहेर! जाऊन बसायची चिंचेवर. चार दिवसांत ते झाड गाण्यांनी असं लगडलं, वटवाघळांनी लगडतं ना, तसं. आणि घराघरांत पोरं टक्क जागी. राजाची एक लेक होती सहा महिन्यांची, चिमी. तीही जागी. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. डोळे लाल झाले, रडायलाही बळ उरलं नाही, नुसती आईच्या तोंडाकडे बघत राहायची. राणीनं वैद्याला बोलावणं धाडलं. वैद्य आला, नाडी पाहून म्हणाला, "अजून चार दिवस अशीच राहिली, तर लेकरू हाती लागणार नाही."

राजानं काय काय केलं! सोन्याच्या घुंगरांचा पाळणा आणला. घुंगरांनी चिमी जास्तच जागी झाली. सात देशांचे सात गवई आणले. त्यांची सातही गाणी चिंचेवर. शेवटी डोकं फिरल्यासारखं त्यानं दवंडी पिटवली, "ऐका हो ऐका, आजपासून सगळ्यांनी झोपायचं आहे!" असं कुठं सांगून झोपतं का कुणी? तुम्ही झोपता?

मग नवव्या दिवशी, ऊन उतरल्यावर, राणी उठली. चिमीला खांद्यावर टाकलं आणि अनवाणीच वेशीबाहेर पडली. कुठं जायचं ते तिला ठाऊक नव्हतं. बाहेर तीन वाटा होत्या. ती डोंगराकडे चार पावलं चालली, चिमी कळवळली. ती बाजाराकडे चालली, चिमी कुरकुरली. ती तळ्याच्या काठानं चालली, आणि चिमीची मान हळूच तिच्या खांद्याला टेकली. राणी थबकली. एक पाऊल मागे घेतलं, मान वर. एक पाऊल पुढे, मान खाली. मग राणी वाटेकडे बघेचना. लेकीच्या पापण्या जशा जड होतील तशी ती चालत गेली.

चालता चालता वारा थांबला. तळ्यातली कमळं मिटली. पुढे एक लहानसं घर दिसलं, आणि घराच्या अंगणात पाहते तर काय! हरवलेल्या सगळ्या गाई पाय दुमडून बसलेल्या. गाईंच्या पाठींवर बगळे, पंखांत चोची खुपसून निजलेले. आणि ओट्यावर भानबा. डोळे मिटून, गाल फुगवून, आपला तो एक सूर धरून बसलेला. ऐकायला कुणी नव्हतं, पण दिवेलागण झाली होती ना! दिवेलागणीला सूर धरायचा, एवढंच त्याला जन्मभर माहीत.

ठकूबाई पुढे आली, ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "या बाई. पण हळू. आत्ताच डोळा लागलाय सगळ्यांचा."

राणी ओट्याच्या खांबाला टेकली. चिमी तर झोपलीच होती. राणी काहीतरी बोलणार होती, पण इतक्या दिवसांची जागी ती, बोलता बोलताच तिचे डोळे मिटले. ठकूबाईनं मायलेकींवर आपली गोधडी घातली.

सकाळी राणी म्हणाली, "भानबा, परत चला."

"चिमीबाईंना इथंच असू द्या की, राणीसाहेब," ठकूबाई जरा रागातच म्हणाली. "ह्यांना ज्यांनी हाकललं, त्यांच्या दारात पुन्हा कशाला?"

"माझी चिमी इथं निजेल हो," राणी म्हणाली, "पण नगरातली बाकीची पोरं? ती कुणाच्या अंगणात निजतील?"

भानबानं मांडीवरची सनई फडक्यात गुंडाळली. मग म्हणाला, "राणीसाहेब, मी येईन. पण माझा दम आता फार तर एका संध्याकाळचा. आणि हा सूर घ्यायला कुणी नाही. आज मी वाजवीन, आणि उद्या?"

असं म्हणाला, तरी भानबा उठला. पोरं जागी आहेत म्हटल्यावर तो बसून कसा राहील?

संध्याकाळी ते निघाले. पुढे भानबा, मागे राणी आणि ठकूबाई, मागे गाई, वर बगळे. वेशीत राजा उभा होता. त्यानं भानबाचा हात धरला. "भानबा, चुकलं माझं," एवढंच म्हणाला, आणि हाताला धरून त्याला बत्तीस पायऱ्या वर घेऊन गेला. मग स्वतः खाली उतरला, कारण तिथं राजाचं काही काम नव्हतं.

भानबानं सनई ओठांना लावली आणि सूर धरला. तो सरळ चिंचेपर्यंत गेला. झाड हललं. एक गाणं सुटलं, दुसरं सुटलं, मग सगळीच सुटली, आणि ज्या ज्या खिडकीतून पळाली होती त्या त्या खिडकीतून आत शिरली. आयांच्या ओठांवर अंगाई आली. पोरं निजली. आया निजल्या. राजा सिंहासनावरच वाकडा होऊन निजला. नगाऱ्यावर डोकं ठेवून नगारेवाला निजला. जागे होते दोघंच, भानबा आणि हैबती.

आणि भानबाचा दम सरत आला. सूर थरथरायला लागला, दिव्यातलं तेल संपताना वात थरथरते तसा. हैबतीनं ते पाहिलं. आपण हसलो होतो ते त्याला आठवलं. त्यानं भरजरी फेटा काढून बाजूला ठेवला, आपली सनई उचलली आणि भानबाच्या शेजारी सरकून बसला.

त्यानं फुंकलं. पण इतक्या वर्षांची सवय, बोटं नाचलीच! एक गिरकी निसटली. भानबानं मान हलवली, नाही. हैबतीनं पुन्हा फुंकलं. पुन्हा बोटं वळवळली, पुन्हा गिरकी. एवढा मोठा वाजवणारा तो, हजार गाणी येत होती त्याला, पण एक सूर सरळ धरता येईना. घामानं तो भिजून गेला. भानबाचा सूर आता दोऱ्याइतका बारीक झाला होता. बोलायची सोय नव्हती, बोलायला गेलं तर सूर तुटला असता. मग भानबानं काय करावं? त्याच्या सनईची भोकं मेणानं बुजवलेली, तिला एकच हात पुरायचा. त्यानं दुसरा हात उचलला आणि हैबतीच्या नाचऱ्या बोटांवर ठेवला. नुसता ठेवला, आपण झोपलेल्या बाळावर ठेवतो तसा.

बोटं शांत झाली. हैबतीनं तिसऱ्यांदा फुंकलं, आणि सूर सरळ निघाला. भानबाच्या सुराशेजारून चालला. मग त्याला टेकला. मग दोन्ही एक झाले.

भानबानं सनई खाली ठेवली.

आणि सूर चालूच होता! भानबा ऐकत राहिला. जन्मभर त्यानं तो धरला होता, पण बाहेरून कधी ऐकलाच नव्हता. "अरेच्चा," तो स्वतःशीच म्हणाला, "इतका गोड आहे होय हा!" आणि हैबतीच्या खांद्यावर डोकं टेकून तोही झोपून गेला.

नाही गं बने, झोपलाच. सकाळी उठला की! ठकूबाईनं भाकरी आणली, ती दोघांनी खाल्ली. मग भानबानं हैबतीची मोकळ्या भोकांची सनई हातात घेतली आणि लाजत लाजत म्हणाला, "हैबती, मी एक गाणं वाजवून बघू का रे?" ऐंशी वर्षांचा म्हातारा! गाणं असं वाकडंतिकडं निघालं की वेशीतली माणसं पोट धरून हसली, भानबाही हसला. पण हैबतीनं भानबाच्या सनईवर सूर धरला होता. ते वेडंवाकडं गाणं तळ्यावरून फिरून आलं आणि बरोब्बर घरी येऊन टेकलं. पुढे भानबा पुष्कळ वर्षं जगला आणि रोज तेच एक वाकडं गाणं वाजवत राहिला. चिमी मोठी झाली, हैबतीशेजारी बसून सूर धरायला शिकली, आणि सगळी सुखानं राहिली.

आता ओठ मिटा. नुसतं म् म् म्हणा, सरळ. गिरकी नको हं दादू. तुझा दम संपायच्या आत बनीनं धरायचा. हं... छान. आता बने तू... बने? निजली. दादू, तू धर मग. दादू?

बरं. निजा तुम्ही. मी धरते.