पेवाचं चौकोनी झाकण

हळद पिकवणाऱ्या एका गावात त्रिंबकपंत नावाचे एक पंतोजी राहत. त्या गावात हळद पेवात साठवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार, दोन पुरुष खोल, आत पोट सुटलेलं आणि वर तोंड अरुंद. माणूस दोराला धरून आत उतरतो, काम उरकून वर येतो, मग तोंडावर दगडी झाकण सारतात. गावाची एक जुनी रीत होती. माणूस आत असला की झाकण लांब ठेवायचं नाही, तोंडाच्या काठालाच उभं करून ठेवायचं. लांबून बघणाऱ्याला कळावं की आत माणूस आहे, आणि गुराढोरांनी तिकडं फिरकू नये, एवढ्यासाठी. पिढ्यान्पिढ्या हे असंच चाललं होतं आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

एका वर्षी पाटलांनी नवं पेव खणलं. रावजी पाथरवट म्हणाला, तोंड गोल ठेवू आणि झाकणही गोलच घडवू. न विचारता सल्ला देणारा एक तरी माणूस प्रत्येक गावात असतोच. या गावात ते पंतोजी होते. त्यांनी विचारलं, गोलच का? रावजीला कारण सांगता येईना. बाप गोल करायचा, आजा गोल करायचा, एवढंच त्याला ठाऊक. पंतोजी सगळ्यांसमोर हसले. गोल घडवायला महिना जातो, चौकोन आठ दिवसांत होतो, कडा सरळ असल्या की झाकण खाचेत घट्ट बसतं, असं त्यांनी समजावून दिलं. पाटलांना ते पटलं, आणि तोंड व झाकण दोन्ही चौकोनी झाली. रावजीचं तोंड एवढंसं झालं आणि पंतोजी त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

तसे पंतोजी वाईट नव्हते हं. शिकवत तर फार छान. मुलांकडून नुसती घोकंपट्टी करून घ्यायची नाही, वस्तू हातात द्यायची, ही त्यांची पद्धत. एके सकाळी त्यांनी मुलांना घरून निरनिराळ्या आकारांच्या वस्तू आणायला सांगितल्या होत्या. कुणी लाडू आणला, कुणी वरवंटा, कुणी सोंगट्यांच्या खेळातला फासा. लाडू आणणाऱ्याचा अर्धा लाडू वाटेतच संपला होता, त्याला काय करणार!

पंतोजी म्हणाले, पाटीवर काढलेला गोल सपाट असतो. त्याला लांबी-रुंदी आहे, जाडी नाही, म्हणून तो पाटीवरून उचलता येत नाही. लाडू घन. तो मुठीत धरता येतो आणि कुठंही ठेवला तरी गडगडतो. वरवंटा आडवा ठेवला तर लोळतो, पण फक्त एका अंगानं. फाशाला सहा बाजू आणि आठ कोपरे, तो जिथं ठेवाल तिथं बसतो. मुलं प्रत्येक वस्तू फिरवून, लोळवून बघत होती.

पंतोजींची लेक द्वारकी सुपारीची चौकोनी लाकडी डबी घेऊन आली होती. तिचं झाकण सुटं होतं. पंतोजींनी तिला दोरा दिला आणि झाकणाची बाजू मोजायला लावली. मग एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजायला लावलं. हा दोरा बराच लांब भरला. द्वारकीनं दोन्ही दोरे शेजारी धरले, डबीच्या तोंडाकडे पाहिलं, झाकण उभं केलं, कोपऱ्याच्या दिशेनं थोडं वळवलं आणि सोडून दिलं. झाकण सरळ डबीच्या तळाशी गेलं. मुलं खिदळली. मग चुन्याच्या गोल डबीवर तोच खेळ झाला. गोल झाकण उभं धरा, तिरकं धरा, कसंही फिरवा, ते आत काही जाईना. गोलाची रुंदी कुठूनही मोजा, सारखीच भरते.

सगळे हसत होते, पंतोजी मात्र हसले नाहीत.  मघाशीच त्यांनी येसू गड्याला उसाच्या पाचटाचा भारा घेऊन नव्या पेवाकडे जाताना पाहिलं होतं. हळद भरण्याआधी आत पाचट अंथरायचं होतं. म्हणजे येसू आता खाली असणार, आणि चौकोनी झाकण रीतीप्रमाणे काठाला उभं असणार.

ते उठले. पगडी घातली, उपरणं घेतलं आणि निघाले. चार पावलं झपाझप गेली, मग पाय जड झाले. तिथं पाटील असतील. रावजी असेल. काय सांगायचं त्यांना? ज्या गावात आपला शब्द खाली पडत नाही, तिथं आपणच म्हणायचं की मी चुकलो? देवळापाशी ते चक्क थांबले. संध्याकाळी पाटलांना एकट्यांना गाठावं, काहीतरी निमित्त काढून झाकण बदलायला लावावं, असंही मनात आलं. बघा माणसाचं मन! खाली एकाचा जीव आणि हे आपली अब्रू चाचपत उभे. पण येसू खाली आहे हे मनातून जाईना, तेव्हा पुन्हा चालू लागले.

पेवापाशी दोन गडी दोर धरून पाचट खाली सोडत होते. पाटील आणि रावजी बाजूला उभे होते. झाकण तोंडाच्या अगदी काठावर उभं होतं, बुडाशी एक दगडाची चीप लावलेली. दोर हलला की त्याला घासत होता आणि झाकण किंचित हलत होतं. पंतोजींना ते दिसलं. तरी त्यांनी काय सांगावं? आजचा दिवस चांगला नाही, येसूला वर घ्या, म्हणाले. पाटील म्हणाले, दोनच भारे राहिलेत, उरकू दे. मग पंतोजी म्हणाले की येसूच्या घरून बोलावणं आलंय. ते खोटं त्यांना नीट जमलं नाही, आणि पाटलांनी लक्षही दिलं नाही. त्या दोनांतला एक भारा खाली गेला. चीप बोटभर सरकलेली पंतोजींनी डोळ्यांनी पाहिली.

तेव्हा ते मोठ्यानं बोलले, "माझं चुकलं. चौकोनी झाकण कोपऱ्यातून आत पडतं. येसूला वर घ्या."

 रावजी हसला नाही, त्यानं टोमणाही मारला नाही. तो पुढं धावला आणि दोन्ही हातांनी झाकण धरलं. "हलवायला गेलो तर आत जाईल," तो म्हणाला. "आधी माणूस काढा."

गड्यांनी दोर ओढला. येसूचं डोकं वर आलं, मग खांदे. त्याचे दोन्ही पाय जमिनीवर टेकले आणि त्याच वेळी रावजीचे घामेजलेले हात निसटले. झाकण एका अंगाला वळलं आणि कोपऱ्याच्या रेषेतून खाली गेलं. काठाला कुठं लागलंसुद्धा नाही. मग तळाशी आदळल्याचा आवाज आला.

 येसू काठापासून लांब जाऊन बसला आणि त्यानं पाणी मागितलं.

पंतोजींनी सगळ्यांसमोर रावजीची माफी मागितली आणि गोल झाकण का पडत नाही ते सांगितलं. रावजी म्हणाला, आजानं कारण सांगून ठेवलं असतं तर त्या दिवशी मी गप्प बसलो नसतो. पाटलांनी तोंड गोल करून घ्यायचं ठरवलं. मग पंतोजींनी काही न लपवता देवळापाशी थांबल्याचंही सांगून टाकलं. संध्याकाळी सांगावं असं वाटलं होतं, म्हणाले.

येसूनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. रागावला नव्हता तो.

"संध्याकाळीही तुम्ही खरंच सांगितलं असतं, पंतोजी," तो म्हणाला. "पण ऐकायला मी नसतो."

तात्पर्य: चूक कळली की तिथल्या तिथं कबूल करावी, आपली अब्रू सांभाळण्यात घालवलेला वेळ दुसऱ्याच्या जिवावर बेततो.