महाराजांहून उंच सीट

सोनघळीचे महाराज बुटके होते. आपल्यापेक्षा उंच आसनावर कुणी बसायचं नाही, हा दरबारी रिवाज त्यांनी सायकलींनाही लावला. टपाल पोचवणारा ताडमाड जासूद हैबती बिचारा गुडघे हनुवटीला लावून सायकल हाणायचा. गुडघे सुजले, टपाल रखडू लागलं.

“उद्या उशीर केलास तर घरी बस,” महाराज कडाडले. “आणि तुझी सीट माझ्या सीटच्या वर दिसली, तर याद राख!”

दुसऱ्या दिवशी टपाल वेळेआधी हजर. हैबतीची सीट थेट कमरेपर्यंत चढलेली.

“हुकूम मोडलास?”

“छे, सरकार!” हैबतीने अदबीने वर बोट दाखवलं. महाराजांची सायकल नगारखान्याच्या गच्चीवर उभी होती.

“आता आपल्याहून उंच फक्त कबुतरं बसतात. त्यांना हुकूम आपणच द्यावा.”