थंड इंजिनाला एकच प्रश्न

पुढील प्रसंगी मी हजर नव्हते. ज्या दोघांकडून तो ऐकला, त्यांचे नावेच्या रंगाविषयीही एकमत नाही. इंजिनाविषयी मात्र दोघे तंतोतंत एकच सांगतात, म्हणून तेवढ्यावर मी विश्वास ठेवते.

एकदा एका धरणाच्या जलाशयाकाठी एक वृद्ध विज्ञानशिक्षक राहत होते. निवृत्तीनंतर ते नावांची इंजिने दुरुस्त करीत, आणि त्यांचा एक जुना विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तेच काम शिकत होता. एके दिवशी गावातला नावाडी त्यांच्या दारी आला. त्याच्या नावेच्या मागे बसवलेले पेट्रोलचे इंजिन दुपारी एका ओढीत सुरू होई. सकाळच्या गारठ्यात मात्र दोरी ओढता ओढता खांदा निखळायची वेळ येई. एरवी त्याने ते सोसले असते. पण चार दिवसांनी पलीकडच्या तीरावर त्याच्या भाचीचे लग्न होते, मुहूर्त सकाळचा होता, आणि नवरीला नेणारी नाव त्याचीच होती.

"वरमाय आत्तापास्नं इचारतीया, नवरीला पवत आणणार का म्हणून," तो म्हणाला. "मुहूर्ताला नवरीच्या पाठीशी मामा नसला, तर तोंड कुठं लपवू, गुरुजी?"

शिष्य उत्साही होता. संध्याकाळपर्यंत त्याने नवा स्पार्क प्लग बसवला, टाकीतले जुने पेट्रोल कॅनमध्ये काढून ताजे भरले आणि कार्बोरेटर उघडून स्वच्छ केला. दुसऱ्या दिवशी भर थंडीत इंजिन दुसऱ्याच ओढीला सुरू झाले. नावाडी धावत जाऊन पेढे घेऊन आला.

वृद्धाने पेढा खाल्ला आणि शिष्याला विचारले, "कशामुळे सुरू झाले?"

"सगळ्यामुळेच, गुरुजी."

"मग जुना प्लग पुन्हा लाव."

नावाड्याचा हात पुड्यातच राहिला. "आवं, चालतंय न्हवं? बरा झालेला माणूस परत आजारी पाडायचा, ही कुठली डाक्टरकी?"

शिष्यालाही ते पटले नव्हते. तरी त्याने जुना प्लग लावला आणि लगेच दोरीला हात घातला. वृद्धाने तो हात धरला. "आता नको. उद्या."

"पण आत्ता क्षणात कळेल, गुरुजी!"

"आत्ता ते गरम आहे, आणि गरम असताना ते कधीच अडले नव्हते. तक्रार थंड इंजिनाची आहे. थंड इंजिन सकाळी एकदाच भेटते. सुरू झाले की त्या दिवसाचा प्रश्न संपला. तू एका सकाळी तीन प्रश्न एकदम विचारलेस आणि त्याने एकच होकार दिला. तो कोणत्या प्रश्नाला होता, हे तुला ठाऊक नाही. लग्नाच्या सकाळी ते अडले, तर आधी कुठे हात घालशील?" मग ते नावाड्याकडे वळले. "तुम्ही वल्ही मात्र नावेत ठेवाच. माझ्या चिकित्सेपायी नवरी ताटकळायला नको."

पुढच्या सकाळी जुन्या प्लगवर इंजिन सुरू झाले. त्यानंतरच्या सकाळी जुन्या पेट्रोलवरही झाले. दोघेही निर्दोष ठरले. निदान त्या त्या सकाळपुरते. लग्नाच्या आदल्या दिवशी वृद्धाने नवा प्लग आणि ताजे पेट्रोल पुन्हा घालायला लावले, कारण परीक्षा घेण्याचा दिवस वेगळा आणि वऱ्हाड नेण्याचा वेगळा.

लग्नाच्या सकाळी पाण्यावर धुके होते. वऱ्हाड नावेत बसले, सनई सुरू झाली, नावाड्याने दोरी ओढली. इंजिन गप्प. पुन्हा ओढली, तरीही गप्प. सनईही थांबली.

"मामा, पदर खोचून मी वल्हं मारू का?" नवरी म्हणाली.

"गप बस! मेंदी पुसंल," मामा ओरडला, आणि सगळी नाव हसली. तो तेवढा हसला नाही.

शिष्याचा हात सवयीने प्लगच्या पान्याकडे गेला आणि मध्येच थांबला. वृद्ध वऱ्हाडातच बसले होते. प्लगला विचारून झाले होते, पेट्रोललाही. उरला होता कार्बोरेटर. शिष्याने इंजिनाचे झाकण काढले. चोकची मूठ पूर्ण ओढलेली होती. पण थंड इंजिनाची हवा अडवून त्याला जास्त पेट्रोल मिळवून देणारी कार्बोरेटरमधली झडप अर्धी उघडीच होती. त्याने तिची दांडी बोटाने दाबून धरली.

"ओढा, मामा!"

इंजिन धडधडले. मुहूर्ताला मामा नवरीच्या पाठीशी उभा होता, घामाने भिजलेला आणि अतिशय प्रसन्न.

पंगतीत शिष्याने हळूच विचारले, "गुरुजी, झडप बंद होत नव्हती, हे कळले. मग आधीच्या तीन सकाळी ती बंद कशी झाली?"

"मला ठाऊक नाही," वृद्ध म्हणाले, आणि त्यांनी मठ्ठा मागितला.

शिष्याने मान हलवली. आपल्याला नेमके किती कळले आहे, हे त्याला प्रथमच स्पष्ट दिसत होते.

नंतर त्याने चोकची तार आणि दांडी सुटी करून तपासली. तार वाकलेली नव्हती, दांडी झिजलेली नव्हती. परत जोडल्यापासून झडप रोज नीट बंद होते. त्या एका सकाळी ती अर्धी उघडी का राहिली, हे अद्याप कोणालाही सांगता आलेले नाही.