पुठ्ठोजी मास्तरची टोपी

त्या दिवशी ऊन छान पडलं होतं. पण वारा! फू फू फू, फू फू फू. दाराची कडी वाजे, टिंग टिंग. कागद ठेवला की उडे, भुर्र. गार गार वारा, डोक्याला झोंबणारा.

अशा वाऱ्यात आम्ही ओट्यावर बसलो. आम्ही म्हणजे मी आणि माझी नात शेवू. मी म्हातारा. शेवू चार वर्षांची. घाई दोघांनाही नाही.

शेवू म्हणाली, "आबा, आपण सर्कस करू."

"करू की."

"सिंह हवा. हत्ती हवा. आणि रिंगमास्टर हवा. कार्टूनमध्ये असतो ना, तसा."

"तो काय करतो गं?"

"तो छडी हलवतो. 'उडी मार' म्हणतो. मग सिंह उडी मारतो."

"असं होय! मग करू या."

आणला पुठ्ठा. घेतली कात्री. कच् कच् कच्. झाला सिंह. त्याला काथ्याची आयाळ. कच् कच् कच्. झाला हत्ती. त्याला दोरीची सोंड. कच् कच् कच्. झाला रिंगमास्टर! केवढा? माझ्या अंगठ्याएवढा.

शेवूनं त्याला रंगवलं. कोट लाल लाल. थोडा लाल रंग कोटाबाहेर गेला. जाऊ दे. बटणं पिवळी. मिशी काळी, अशी वर वळलेली. छडी झाडूच्या हिराची.

"आबा, केस काढू?"

"नको गं. वर टोपी येणार. टोपीखालचे केस कोण बघतंय?"

मग केली टोपी. उंच, काळी, डब्यासारखी. तिला पिवळा पट्टा. टोपी चिकटवायला कणकेची खळ शिजवली. रट् रट् रट्. घट्ट चिकटावी म्हणून मी त्यात गुळाचा खडा टाकला. माझंच चुकलं ते.

नाव ठेवलं पुठ्ठोजी मास्तर.

"संध्याकाळी सर्कस!" शेवूनं सगळ्या गल्लीला सांगितलं.

खळ वाळायची होती. आम्ही जरा आडवे झालो. घुर्रर्र मी. फुस्स शेवू.

तेवढ्यात एक उंदरीण आली. तिला गुळाचा वास आला. हुं हुं, हुं हुं. खळ चाटली, चट् चट्. टोपी सुटली. टोपी तोंडात धरली आणि पळाली बिळात!

पुठ्ठोजी मास्तरनं डोक्याला हात लावला. टोपी नाही! केस पण नाहीत! गुळगुळीत डोकं. त्याला वारा लागला. फू फू फू.

सिंह म्हणाला, "हा कोण टकल्या?"

"मी तुझा मास्तर. उडी मार!"

"छे! आमच्या मास्तरला टोपी असते. नाही मारत जा."

हत्ती म्हणाला, "मी पण नाही."

आता कशी व्हायची सर्कस? संध्याकाळी तर सगळी गल्ली येणार!

पुट् पुट्, पुट् पुट्, पुठ्ठोजी निघाला. गेला बिळापाशी.

"उंदरीणबाई, उंदरीणबाई, टोपी दे.
टोपी डोक्यावर घालीन,
मग माझी सर्कस होईल!"

उंदरीण म्हणाली, "हळू बोल. टोपीत माझी पिल्लं निजलीत. पाच आहेत. त्यांना गादी नको का? आधी कापूस आण. मग टोपी देते."

पुट् पुट्, पुट् पुट्, पुठ्ठोजी निघाला. घरात होती जुनी उशी. उशीचा एक कान उसवलेला. त्यातून कापूस डोकावत होता.

"उशीबाई, उशीबाई, कापूस दे.
कापूस उंदरिणीला देईन, उंदरीण टोपी देईल.
टोपी डोक्यावर घालीन,
मग माझी सर्कस होईल!"

उशी म्हणाली, "देईन रे. पण मग माझा कान बांधायला नको? नाहीतर सगळा कापूस सांडेल. आधी दोरा आण. मग कापूस देते."

पुट् पुट्, पुट् पुट्, पुठ्ठोजी निघाला. ओट्याच्या कोपऱ्यात होता कोळी. आठ पायांचा. आठही पाय पोटाशी घेऊन बसलेला.

"कोळीदादा, कोळीदादा, दोरा दे.
दोरा उशीला देईन, उशी कापूस देईल.
कापूस उंदरिणीला देईन, उंदरीण टोपी देईल.
टोपी डोक्यावर घालीन,
मग माझी सर्कस होईल!"

कोळी म्हणाला, "दोरा कसला मागतोस बाबा! मी जाळं विणलं, झाडू आला. पुन्हा विणलं, पुन्हा आला. सकाळपासून चारदा! झाडूला म्हण, माझा कोपरा सोड. मग दोरा देतो."

पुट् पुट्, पुट् पुट्, पुठ्ठोजी निघाला. ओट्यावरून झाडू येत होता. सर्र सर्र, सर्र सर्र. पुठ्ठोजीनं उडी मारली. नाहीतर तोच गेला असता कचऱ्यात!

"झाडूभाऊ, झाडूभाऊ, कोपरा सोड.
कोपरा कोळ्याला मिळेल, कोळी दोरा देईल.
दोरा उशीला देईन, उशी कापूस देईल.
कापूस उंदरिणीला देईन, उंदरीण टोपी देईल.
टोपी डोक्यावर घालीन,
मग माझी सर्कस होईल!"

झाडू म्हणाला, "मला काय हौस आहे? सर्र सर्र करून माझी कंबर मोडली. पण माझी मूठ यमूमावशीच्या हातात. तिला म्हण, मला खाली ठेव. मग कोपरा सोडतो."

पुट् पुट्, पुट् पुट्, पुठ्ठोजी निघाला. पण जायचं कुठं? यमूमावशी तिथंच होती! आमच्या शेजारची यमूमावशी. तिचं दार आणि आमचं दार एकाच ओट्यावर. तिच्या एका हातात झाडू. दुसऱ्या हातात, कडेवर, तिचं बाळ. बाळाचं नाव तान्हू. तान्हू रडत होता. ट्यँ ट्यँ, ट्यँ ट्यँ.

"यमूमावशी, यमूमावशी, झाडू ठेव.
झाडू कोपरा सोडेल.
कोपरा कोळ्याला मिळेल, कोळी दोरा देईल.
दोरा उशीला देईन, उशी कापूस देईल.
कापूस उंदरिणीला देईन, उंदरीण टोपी देईल.
टोपी डोक्यावर घालीन,
मग माझी सर्कस होईल!"

यमूमावशी म्हणाली, "अगं बाई! पुठ्ठ्याचा माणूस बोलतो! बोल राजा, पण चालता चालता बोल. मला थांबता येत नाही."

"का गं मावशी?"

"परवा ह्याचं जावळ काढलं. सगळे केस गेले. तेव्हापासून डोक्याला हात लावतं आणि रडतं. खाली बसले की जास्त रडतं. म्हणून फिरते. नुसतं काय फिरायचं? म्हणून झाडते. ओटा झिजला रे माझा! तान्हूला म्हण, एकदा हस. मग झाडू ठेवते."

आता आली का पंचाईत! पुठ्ठोजीनं पदर धरला. सुरुसुरु, सुरुसुरु, वर चढला. गेला मावशीच्या खांद्यावर. समोर तान्हू. केवढे मोठे डोळे! केवढी मोठी आसवं!

"तान्हूबाळा, तान्हूबाळा, एकदा हस.
तू हसलास तर मावशी झाडू ठेवील.
झाडू कोपरा सोडेल.
कोपरा कोळ्याला मिळेल, कोळी दोरा देईल.
दोरा उशीला देईन, उशी कापूस देईल.
कापूस उंदरिणीला देईन, उंदरीण टोपी देईल.
टोपी डोक्यावर घालीन,
मग माझी सर्कस होईल!"

तान्हू काय म्हणाला?

"ट्यँ!"

पुठ्ठोजीनं छडी हलवली. सट् सट्.

"ट्यँ ट्यँ!"

पुठ्ठोजीनं मिशी उडवली. फुर्र फुर्र.

"ट्यँ ट्यँ ट्यँ!"

पुठ्ठोजी एका पायावर नाचला. तान्हूनं डोळे मिटून घेतले.

संपलं. आता काय उरलं? पुठ्ठोजी दमला. त्याच्या मिशीची टोकं खाली आली. पण मास्तर तो मास्तर. खेळ जमो न जमो, जाताना लवून सलाम करायचा. म्हणून तो लवला. खाली, खाली, अगदी खाली.

तान्हूनं एक डोळा उघडला. समोर काय दिसलं? एक डोकं. गुळगुळीत. एकही केस नाही!

तान्हू गप्प झाला.

त्यानं आपल्या डोक्याला हात लावला. गुळगुळीत. मग एक बोट पुढं केलं. पुठ्ठोजीच्या डोक्याला लावलं. गुळगुळीत!

"टक्कू?" तान्हू म्हणाला.

"हो, टक्कू," पुठ्ठोजी म्हणाला.

"टक्कू!" आणि तान्हू हसला. खिद् खिद् खिद्! सगळे दात दाखवून हसला. दात होते चारच.

मग काय झालं?

तान्हू हसला, तशी मावशी खाली बसली. "हुश्श बाई!"
मावशीनं झाडू ठेवला, धप्प.
झाडूनं कोपरा सोडला. "हुश्श! माझी कंबर!"
कोपरा कोळ्याला मिळाला, कोळ्यानं दोरा दिला, सुर्रर्र.
दोरा उशीला दिला, उशीनं कापूस दिला, फुस्स. उशीचा कान बांधला, घट्ट.
कापूस उंदरिणीला दिला.

उंदरिणीनं गादी केली. मऊ मऊ. एकेक पिल्लू उचललं. एक ठेवलं. दोन ठेवलं. तीन ठेवलं. चार ठेवलं. पाचवं जागं झालं. "चूं!" त्याला थोपटलं. तेही ठेवलं.

"घे रे बाबा तुझी टोपी. खळ मात्र फार छान होती हं."

उंदरिणीनं टोपी दिली!

पुट् पुट् पुट् पुट् पुट् पुट्! पुठ्ठोजी धावत आला. तोवर आम्ही उठलो होतो. शेवू म्हणाली, "आबा, टोपी ओली का लागते?"

"पिल्लांनी केली असेल काहीतरी," मी म्हणालो.

टोपी उन्हात वाळवली. वर दगड ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. मग नवी खळ शिजवली. नुसती कणीक आणि पाणी. शेवूनं बोटानं लावली. पुठ्ठोजीच्या डोक्यावर टोपी बसली, चप्प.

सिंहानं पाहिलं. हत्तीनं पाहिलं.

सिंह म्हणाला, "मास्तर, होतास कुठं? आम्ही केव्हाचे वाट बघतोय."

पुठ्ठोजीनं फक्त मिशी वर वळवली.

दिवे लागले. वारा पडला. गल्लीतली सगळी मुलं ओट्यावर आली. कुणी पोतं आणलं बसायला, कुणी पाट. यमूमावशीही आली, तान्हूला मांडीवर घेऊन. मध्ये शेवूची बांगडी उभी केली. तेच आमचं रिंगण.

पुठ्ठोजीनं छडी हलवली. सट्!

"उडी मार!"

सिंहानं उडी मारली. हुप्प! बांगडीतून आरपार!

"सोंड वर!"

हत्तीनं सोंड वर केली. फुर्रर्र!

मुलांनी टाळ्या वाजवल्या. तान्हूनंही वाजवल्या, हळू हळू, मग आणखी हळू. शेवटी पुठ्ठोजी लवला. खाली, खाली, अगदी खाली. टोपी पडली नाही.

मला राहवलं नाही. मी मोठ्यांदा ओरडलो, "शाब्बास रे मास्तर!"

यमूमावशीनं झटकन ओठांवर बोट ठेवलं. मांडीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून हसली आणि पुटपुटली,

"हळू, आबा, हळू. झोपलं बाई एकदाचं."