दार नसलेली वेस

ही समोर दिसते ती वेस. नीट पाहा. कमान शाबूत आहे, दोन्ही बाजूंचे दगडी खांब शाबूत आहेत, दार फिरायचं ती दगडातली खोबणसुद्धा झिजून गुळगुळीत झालेली दिसेल. फक्त दार नाही. चोरीला गेलेलं नाही, कुजलेलंही नाही. ते काढलेलं आहे. कोणी आणि का काढलं, ते सांगायलाच तुम्हाला इथवर चालवत आणलं.

तुम्ही नगररचना शिकणारी मुलं, म्हणून आधी गावाचा आराखडा सांगतो. आमची नवी खारटेंभी म्हणजे आखून वसवलेलं शहर. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला खाडी आणि मध्ये ही लांबट पट्टी. पट्टीचे सेक्टर पाडले, सेक्टरांना नंबर दिले, प्रत्येक सेक्टरला शाळा, बाजार, बाग वाटून दिली. आमची गावं मात्र जिथली तिथे राहिली, नकाशावर, भाकरीवरच्या करपल्या डागांसारखी. स्टेशनपासून खाडीपर्यंत जाणारा हा मोठा रस्ता कागदावर सरळ होता. इथे येऊन तो का दुभंगला, वेशीला आणि मागच्या त्या तळ्याला वळसा का घालून गेला, हे तुमच्या पुस्तकात सापडायचं नाही. महापालिकेच्या कचेरीत विचाराल तर साहेब लोक म्हणतील, पुरातन वास्तू आहे, जतन केली आहे. जतन कसली? भीती आहे ती. मी जोमा मढवी, जन्म याच गावात गेला, मिठागरात पाय झिजले. मला त्या भीतीचा आनंद आहे, तो मी लपवत नाही.

तर असं सांगतात की आखून वसवलेलं शहर इथे काही पहिल्यांदा झालेलं नाही. फार पूर्वी हैबतजी नावाचा एक सुभेदार होता. त्याला पेठ वसवायची हौस. वाकडी गल्ली दिसली की त्याचं डोकं दुखायचं म्हणे. खाडीतून गलबतं येतात, घाटावरून बैल येतात, तेव्हा मध्ये पेठ हवी, आणि तीही दोरी लावून आखलेली. त्याने चुन्याच्या रेघा मारल्या. सोनारांचा चौक वेगळा, तेल्यांचा वेगळा, कासारांचा वेगळा. रस्ते इतके सरळ की एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस दिसावा. पेठेभोवती तट, तटाला दोन वेशी, डोंगराकडे वरची आणि खाडीकडे ही खालची. सगळ्या रस्त्यांखालून दगडी गटारं, आणि ती सगळी खाडीकडच्या तटात एकाच मोरीला मिळालेली. ती मोरी या वेशीच्या बाजूलाच होती. त्या मोरीचा त्याला भारी अभिमान. आल्यागेल्याला दाखवायचा.

पण जागा रिकामी नव्हती. इथे टेंभ होता, म्हणजे मातीचा उंचवटा, आणि त्यावर आमची खारटेंभी. टेंभाच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचं तळं. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि मधोमध एवढंच गोडं. सुभेदाराची दोरी नेमकी तिथून गेली. त्याने टेंभ खणून काढला, त्याच मातीने तळं बुजवलं, आणि त्या बुजवलेल्या जागेवर स्वतःची कचेरी बांधली, खालच्या वेशीसमोर. गादीवर बसल्या बसल्या वेशीतून खाडी दिसावी म्हणून. गावकऱ्यांना सांगितलं, तुम्ही तटाबाहेर खाजणात, खाडीकाठच्या त्या दलदलीत राहा. मीठ पिकवा, पेठेत विका.

गावाने उठायला नकार दिला. खाजणात उधाणाचं पाणी घरात शिरतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तेव्हा सुभेदार स्वतः आला. गावदेवीच्या शिळेवर त्याने हात ठेवला आणि शब्द दिला, की उधाण आलं तर ही खालची वेस तुमच्यासाठी उघडी राहील. बायकापोरं घेऊन आत या, माझ्या कचेरीच्या ओसरीवर बसा. गावात हाशा नावाचा मिठागरी होता, लोक त्याला मानायचे. हाशाने त्या शब्दावर विश्वास ठेवला. त्यानेच घरोघरी फिरून समजूत घातली. त्याची बायको बामी. तिला ते पटलं नव्हतं, पण नवऱ्याच्या शब्दाबाहेर ती गेली नाही. त्यांना एकच मुलगी, ठकी नावाची, अजून आईच्या कडेवर बसणारी.

पाऊस ओसरत आला आणि भाद्रपदातली अमावास्या आली. त्या दिवशी वरच्या दरबाराचा वकील नवी पेठ पाहायला यायचा होता. रस्ते धुतले होते, तोरणं लावली होती. दुपारच्या भरतीला उधाण चढलं आणि खाजणाचा बांध फुटला. गाव ठरल्याप्रमाणे वेशीकडे धावलं. वेस बंद होती.

चिखलाच्या पायांची माणसं पेठेत शिरतील, वकिलासमोर शोभा होईल, म्हणून सुभेदाराने दार लावून घेतलं होतं. हाशाने पोर खांद्यावर घेतली आणि दारावर मुठी आपटल्या.

"दार उघरा! पोरां हायेत आमचेबरोबर, उघरा!"

आतून पहारेकऱ्याचा आवाज आला, "हुकूम नाही."

गाव रडलं, ओरडलं, देवीच्या शिळेची आठवण करून दिली. दर वेळी आतून तेवढंच उत्तर आलं, "हुकूम नाही." सुभेदार ओसरीवरच होता म्हणे. त्याला सगळं ऐकू येत होतं. पाणी कमरेवरून छातीला आलं, मग लाट आली, आणि हाशा आणि ठकी दोघंही तिच्याबरोबर गेली. बामीच्या हाती मोरीचा गज लागला. सगळ्या पेठेचं सांडपाणी अंगावर घेत, गजाला मिठी मारून ती ओहोटीपर्यंत तगली. गावातली बरीच माणसं तगली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुभेदाराने धान्य पाठवलं. बामीने ते खाडीत ओतलं आणि ती वेशीत जाऊन उभी राहिली. आता वेस उघडी होती. वकील निघून गेला होता ना. गादीवर बसलेल्या सुभेदाराला ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली.

"ज्या पान्यानं माजी पोर नेली, तेच पानी तुजे गादीव बसवीन. तवरं मी मीठ खानार नाय."

सुभेदार हसला. मिठागरीण मीठ सोडणार, याचंच त्याला हसू आलं असेल. पण तुम्ही विचार करून पाहा. जिच्या हातापायांच्या भेगांत मीठ, अंगणात मिठाची रास, तिने अळणी भात गिळायचा. तोही कोणाच्या सांगण्यावरून नाही. प्रत्येक घासाला तिला पोर आठवायची, आणि प्रत्येक घासाला राग ताजा व्हायचा. मीठ खाल्लं असतं तर कदाचित विसरली असती. तिला विसरायचं नव्हतं.

त्या दिवसापासून ती पेठेत मीठ विकायला येऊ लागली. डोक्यावर पाटी, तोंडात शब्द नाही. सोनारांच्या चौकात, तेल्यांच्या चौकात, सगळीकडे. पहारेकरी तिची चेष्टा करायचे. सुभेदारालाही वाटलं, बाई थंड झाली. पण मीठ मोजताना ती घरातल्या बाईला हळूच एक गोष्ट सांगायची.

"ज्या दिसा मी मीठ घेवून येनार नाय, त्या दिसा पोरां घेवा न वरचे वेशीभायेर जावा."

बायांनी ते ऐकून ठेवलं. त्या दिवशीचा वेशीवरचा आक्रोश त्यांनीही ऐकला होता आणि कानांवर हात ठेवले होते. सुभेदाराच्या घरच्या बायकांनाही तिने हेच सांगितलं. वैर एका माणसाशी होतं, आणि तेवढ्यापुरतंच ठेवायचं तिने ठरवलं होतं. आमच्या बामीचा हा मोठेपणा. मी असतो तर एवढं निवडत बसलो नसतो.

पुढच्या आषाढात पावसाने झड धरली. डोंगरावरचं पाणी पेठेत उतरू लागलं. एके दिवशी सकाळी बामी मीठ घेऊन आली नाही. बायांनी एकमेकींकडे पाहिलं, पोरं उचलली आणि वरच्या वेशीने डोंगराची वाट धरली. बाया गेल्या तसे पुरुष त्यांच्यामागे गेले. सुभेदाराचं घरही रिकामं झालं. तो मात्र उठला नाही. एका मिठागरणीच्या बोलण्यावरून सुभेदार पळाला, असं लोकांनी म्हणायचं? तो गादीवर बसून राहिला.

इकडे ओहोटी लागली होती. तटाबाहेरचा चिखल उघडा पडला होता, आणि गावातल्या वाचलेल्या सगळ्या बाया तिथे जमल्या होत्या. मिठागराचा तळ ज्या चिकणमातीने लिंपतात, तिच्या पाट्या भरून त्यांनी त्या अभिमानाच्या मोरीत ठासल्या. वर दगड लावले, पुन्हा माती तुडवली. झडीमुळे वेशीचं दार आतून लावलेलंच होतं, त्याच्यासमोर ढीग रचला. दार बाहेर उघडणारं होतं, आता ते उघडेना. तटावरच्या पहाऱ्याच्या माणसांनी हे पाहिलं आणि भाले टाकून तेही डोंगराकडे पळाले.

सगळ्या सरळ रस्त्यांनी पाणी सरळ खाली आलं. वाटेत कुठे वळण नाही, अडोसा नाही. ते कचेरीच्या पायरीला लागलं, ओसरीवर चढलं आणि गादीवर बसलं. वरून पाणी, खालून बुजवलेलं तळं. भराव खचला, भिंती तडकल्या, जमीन पायाखालून जाऊ लागली. तेव्हा कुठे सुभेदार उठला. कमरेएवढ्या पाण्यातून तो या वेशीपर्यंत आला आणि आतून दारावर मुठी आपटू लागला.

"उघडा! कोण आहे तिकडे? दार उघडा!"

बाहेर कोरडं होतं. खाडी दूर गेलेली, बाया चिखलात उभ्या. सगळ्यांनी बामीकडे पाहिलं. बामी दाराला कान लावून उभी होती.

"हुकूम नाय," ती म्हणाली.

त्याने वतन देऊ केलं. मिठागरं गावाच्या नावे करून देतो म्हणाला. तळं पुन्हा खणून देतो म्हणाला. शेवटी रडत रडत म्हणाला, देवीच्या शिळेवर हात ठेवून शब्द देतो.

"तुजा सबद मी आयकलाय," बामी म्हणाली. "तो माजे पोरीला पुरला नाय."

यानंतर मुठींचा आवाज बराच वेळ येत होता, असं सांगतात. मग तो दारावरून मोरीकडे सरकला. मग थांबला. बामीने कान काढला नाही. भरतीचं पाणी तिच्या घोट्यांना लागलं तेव्हा तिने बायांना माती काढायला सांगितली. मोरी मोकळी झाली तेव्हा तो आतल्या बाजूने गजाला मिठी मारून होता. उधाणाच्या दिवशी तीही तशीच होती. फरक एवढाच की ती जिवंत होती.

एका बाईने चिमूटभर मीठ आणलं. बामीने ते जिभेवर ठेवलं. मग म्हणाली, "खारट नाय लागत." पुन्हा ठेवलं, तरी नाही. सूड पुरा झाला होता, पण पोर काही परत आली नव्हती, आणि चव गेली ती गेलीच. मरेपर्यंत तिला मीठ लागलं नाही म्हणे. ही गोष्ट सांगताना मी हरखतो ना, तो इथवर.

नवा सुभेदार आला तेव्हा कचेरीच्या जागी तळं झालं होतं, आणि त्याच्या काठी बामी बसली होती. तिने त्याला आत येऊ दिलं नाही. आधी वेशीचं दार काढायला लावलं. ती फळकुटं तिने चुलीत घातली, त्यावर अळणी भाकरी भाजली आणि त्याच्या हातावर ठेवली. म्हणाली, पाय पाण्यात सोडून बस, भरती उलटेपर्यंत बस, मग गादीवर जा. त्याने मुकाट्याने ऐकलं. ज्याचा बाप मेला त्याला सांगावं लागत नाही. हो, तो हैबतजीचाच मुलगा होता.

नवं शहर आखायला आले तेव्हा एक मोठे साहेब होते. ते म्हणाले, असल्या खुळ्या चालीरीती मी पाळणार नाही. त्यांनी वेशीला लोखंडी फाटक बसवलं आणि कुलूप घातलं. त्या पावसाळ्यात पाणी त्यांच्या कचेरीचा जिना चढून गेलं आणि त्यांच्या खुर्चीच्या गादीवर बसलं, असं म्हणतात. फाटक भंगारात गेलं, नकाशातला रस्ता वाकला. बामीच्या तळ्याचंही नाव बदलायचं चाललं होतं, तेही बारगळलं.

आजही महापालिकेत नवा आयुक्त आला की पदभार घ्यायच्या आधी इथे येतो. वर्तमानपत्रांत छापून येतं की साहेबांनी जलाशयाची पाहणी केली. त्या तिथल्या दगडावर तो बसतो. पॅंट दुमडतो, बूट-मोजे काढतो, पाय पाण्यात सोडतो आणि अळणी भाकरी खातो. भोवती आमच्या गावच्या बाया उभ्या असतात. थोड्या वेळाने साहेबाचे पाय गारठतात. शिपाई छत्री धरून अवघडतो. मग साहेब इकडे तिकडे पाहतो आणि सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला नरमाईने विचारतो, "आजी, आता उठू का?"

म्हातारी खाडीकडे बघते. पाणी अजून चढतच असतं.

"हुकूम नाय," ती म्हणते.