सातशे लोखंडी शिपाई आणि तांबडी माती

एका राज्यात एक राजा होता, आणि तो दमला होता. त्याचं नाव उग्रभान. चाळीस वर्षांपूर्वी तो एका चेटक्याला म्हणाला होता, "मला न थकणारं सैन्य पाहिजे."

"दिलं," चेटक्या म्हणाला. त्यानं सातशे शिपायांवर फुंकर मारली. सातशेंच्या अंगाचं लोखंड झालं. तिसऱ्या दिवशी शत्रू पळाला.

"आता थांबव," राजा म्हणाला.

"थांबवायचं बोलणं झालं नव्हतं," चेटक्या म्हणाला, आणि त्याच दुपारी म्हातारपणानं मेला.

तेव्हापासून सैन्य चालतच होतं. घाटमाथ्यावरून निघायचं, समुद्राला टेकायचं, की माघारी. शत्रूची नातवंडं आता त्याच वाटेवर कलिंगडं विकायला बसत. सैन्य महालासमोरून गेलं की राजाला मुजरा घ्यावा लागे. घेऊन घेऊन त्याचा उजवा हात खाली येईना झाला.

त्या सैन्यात भिवा होता. त्याची बायको येसू तेलाची वाटी घेऊन रोज त्याच्या शेजारनं चालायची आणि चालत्या नवऱ्याला खोबरेल चोळायची. सातशे बायका हेच करायच्या. नवरा गंजू नये, एवढंच त्यांच्या हातात होतं.

"येसू, बसावंसं वाटतं गं," भिवा म्हणायचा.

"बसा की."

"पाय ऐकत नाहीत."

एक दिवस येसूच वडाखाली मटकन बसली. वर फांदीवर धनेश पक्षी होता. तो बोलला, "बाई, शाप सोडवायचाय?"

"सोडवायचाय."

"तीन कामं आहेत. एक, तेल लावू नकोस. दोन, पावसात त्याच्यावर इरलं धरू नकोस. तीन, तो ओरडला तरी ऐकू नकोस."

"मेल्या, ही कसली कामं? हे तर काहीच न करणं झालं."

"म्हणून तर चाळीस वर्षांत कुणाला जमलं नाही."

"लोखंड गेल्यावर आत माणूस असेल ना?"

"ठाऊक नाही. मी पक्षी आहे."

येसूनं तीन दिवस विचार केला आणि वाटी घरी ठेवली. भिवाचे सांधे असे करकरायला लागले, की वाटेवरची कुत्री दुसऱ्या राज्यात राहायला गेली. पाऊस आला. येसूचा इरल्याचा हात दोनदा त्याच्याकडे गेला, दोनदा तिनं मागे घेतला. मग त्याच्या अंगाचे पापुद्रे सुटायला लागले.

"येसू, तेल आण! मी संपत चाललोय!"

येसू मागनं चालत राहिली. पुढनं बघणं तिला झेपलं नसतं.

प्रधान राजाकडे धावला. "महाराज, एक बाई सैन्य गंजवते आहे. फितुरी आहे ही."

राजा वर धरलेल्या हाताकडे बघत म्हणाला, "तिला म्हणावं, बाकीच्यांचंही बघ."

तिसऱ्या महिन्यात एका उतारावर भिवाच्या छातीवरचा शेवटचा तुकडा गळला. आत माणूस होता. वाळलेला, पांढऱ्या दाढीचा, येसूइतकाच म्हातारा. तो चिखलात तिथंच बसला आणि बसल्याबसल्या झोपला. गुरं त्याला वळसा घालून गेली.

हे बघून बाकीच्या बायकांनी वाट्या पालथ्या केल्या. सातशे शिपायांचा गंज पाण्याबरोबर शेताशेतांत उतरला. घाटापासून समुद्रापर्यंत सैन्य जिथं जिथं फिरलं, तिथली माती तांबडी झाली. जिथं गेलं नाही, तिथली काळीच राहिली, आणि तिकडची माणसं त्याचा उगाच तोरा मिरवतात.

शाप सुटला. सैन्य बसलं. राजाचा हात खाली आला.

नवव्या दिवशी भिवा जागा झाला. पेज प्याला. मग त्यानं विचारलं, "येसू, ते युद्ध कशावरून झालं होतं गं?"

"विचारून सांगते," म्हणत येसू महालात गेली.

राजानं बराच वेळ आठवून बघितलं. मग प्रधानाकडे बघितलं. प्रधान छताकडे बघत होता.